तफावत, अफरातफर, अपहार : कुठला शब्द कधी?

अमळनेरहून प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीच्या लेखापरीक्षण अहवालात एकाच रकमेला आधी 'तफावत' म्हटलंय, पुढच्या पानावर 'संशयित अपहार'. गावात सगळे 'अफरातफर' म्हणतात, म्हाताऱ्या बाया सरळ 'पैसा खाई गया'. अर्थ एकच ना?

धुळ्याहून उत्तर : नाही दादा. माझी नोकरी हिशेब तपासण्यातच गेली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

'तफावत' म्हणजे नुसता फरक. किर्दीतली, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक जुळत नाही, एवढंच. 'अपहार' मात्र कोणीतरी करावा लागतो. अप आणि हृ, हरण करणं. म्हणून पुरावा मिळेपर्यंत त्याच्याआधी 'संशयित' लावतात.

एकदा एक आजी घरपट्टीची थकबाकी ऐकून चिडल्या आणि पिशवीतून पावती काढून दाखवली. त्यांच्या पावतीवर 1,850, स्थळप्रतीवर, म्हणजे कार्यालयात राहिलेल्या कार्बन प्रतीवर 850. कार्बनच्या निळ्या आकड्यांत पुढचा एक नव्हताच, तो कार्बन काढून घेतल्यावर लिहिला होता. तोवर आम्ही तफावत म्हणत होतो. त्या पावतीनंतर तो शब्द वापरणं खोटं ठरलं असतं.

'अफरातफर' अरबी 'इफ्रात-तफ्रीत'वरून आला, म्हणजे अति आणि उणे. हिंदीत 'अफरातफरी' आजही गोंधळ, पळापळ. 'घोटाळा'ही तसाच, 'माझा घोटाळा झाला' आपण चुकलो तरी म्हणतो. जळगावच्या नगरपालिकेच्या घरकुल योजनेच्या प्रकरणात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 31 ऑगस्ट 2019 ला 48 जणांना दोषी ठरवलं, तरी बातम्यांत 'घोटाळा'च राहिला. मला हे खटकतं. घोटाळा 'होतो', अपहार 'करतात'.

चोपड्याहून : लिपिक म्हणतो, 'हातउसने घेतले होते, दोन महिन्यांत भरले.' मग?

धुळ्याहून : तरी अपहारच. अप्रामाणिकपणे थोड्या काळापुरती वापरलेली रक्कमही अपहार ठरते, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 च्या स्पष्टीकरणातच आहे. लोकसेवकाने आपल्याकडे सोपवलेल्या पैशाचा न्यासभंग, म्हणजे विश्वास मोडून गैरवापर केला तर कलम 316(5), जन्मठेपेपर्यंत शिक्षा. म्हणून सरकारी पैशाला 'हातउसने' शब्द लावूच नका. अमळनेरकर, तुमच्याकडे पावती कोण फाडतं आणि बँकेत भरणा कोण करतं, ते आधी बघा.

अमळनेरहून : बघितलं. दोन्हीकडे एकाच माणसाची सही आहे.