आकेरीचा वाडा बघायला जाणारे आणि आकेरीत राहणारे

पिंपळपार, भांडुप:
काल इथे एका ताईंनी लिहिलं होतं, "मुलांना घेऊन मुद्दाम सिंधुदुर्गातल्या आकेरीला गेलो, मालिकेतल्या नाईकांच्या वाड्यात आत सोडलं नाही. गेटवरून फोटो काढून परत फिरलो. गावात बघण्यासारखं दुसरं काही नाही. कोकणी माणसाला पाहुणचार कळत नाही. दिवस आणि पैसे फुकट." खाली सगळे माना डोलावतायत. मला राहवलं नाही म्हणून लिहितोय.

ताई, ते कुणाचं तरी घर आहे. तिथे चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली, २०१९ आणि २०२१ मध्ये पुढचे भाग आले, चित्रीकरण संपलं, मंडळी मुंबईला परतली. अण्णा नाईक झालेले माधव अभ्यंकर तिथे राहत नाहीत. तुमच्या परळच्या खोलीत उद्या कुणी न विचारता शिरून "स्वयंपाकघर दाखवा" म्हणालं तर तुम्ही चहा टाकाल का?

आणि "बघण्यासारखं काही नाही"? आकेरीतच रामेश्वराचं देऊळ आहे. कुडाळहून येताना पिंगुळी लागते. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या जपल्यात, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. पुढे सावंतवाडीत चितारआळीची लाकडी खेळणी, मोती तलाव. एवढं सगळं ओलांडून एका गेटपाशी उभं राहायचं आणि शिव्या गावाला!

लालबागची लेक:
एवढं तोंडसुख घ्यायची गरज नव्हती. त्यांची भाषा चुकली, पण भावना खरी आहे. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. माझी मुलं लालबागेत वाढली, गावाला न्यायचं म्हटलं की तोंडं वाकडी. ही मालिका लागली आणि माझी धाकटी मुलगी माझ्या सासूबाईंना विचारायला लागली, "आजी, 'खंय गेल्लंस' म्हणजे काय?" त्या मे महिन्यात ती पहिल्यांदा आपणहून गावाला आली. वाटेत वाडा बघायचा हट्ट धरला, मी थांबवली गाडी. त्यात मी काय गुन्हा केला? मालवणी घराघरांत पोचवायला जे आम्हाला जमलं नाही ते या मालिकेने केलं.

मुलुंडचा सातारकर:
ताईंच्या बाजूने एक मुद्दा. वाडा चित्रीकरणाला दिला तेव्हा भाडं घेतलंच असेल ना? मग लोक बघायला आले की तक्रार कसली? कोल्हापूरजवळ वसगड्याला 'तुझ्यात जीव रंगला' मालिकेतल्या राणादाचा वाडा बघायला अशीच झुंबड उडायची. आमच्या वाई-मेणवलीला तर कित्येक वर्षं लोक चित्रीकरणाच्या जागा बघायला येतात. चार टपऱ्या चालतात, चार पोरांना काम मिळतं. कोकणाला पर्यटन हवंय पण पर्यटक नकोत.

माडाखालचो:
सातारकरानु, वायच ऐका. आमचा घर आकेरीच्या शेजारच्या गावात. मे म्हयन्यात आये खळ्यात, म्हंजे आंगणात, रातांब्याची सोलां सुकत घालता. रसात बुडवन परत परत वाळवूची लागतत, तेवा खंय ती काळी जातत. वाडो शोधीत एक मुंबयची गाडी आमच्या खळ्यात शिरली आणि वळवताना सरळ सोलांवरसून गेली. काच खाली करून आयेक इचारल्यान काय, तर मालिकेतल्या बाईचा नाव घेवन, "आजी, शेवंता कुठे राहते?" आये तशीच खाली बसान सोलां येचूक लागली. त्या गाडयेतसून कोणी उतारलो नाय. भाडा घेतल्यान त्या घरवाल्यान. आमच्या आयेक काय मिळाला?

मुलुंडचा सातारकर:
हे वाईटच झालं. पण एका उद्धट माणसावरून सगळ्यांना झोडपू नका.

पिंपळपार, भांडुप:
एक नाही हो. वाड्याच्या तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर चपला घालून चढलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिलीत. आणि पर्यटन कसं करावं याचं उदाहरण हवं तर कर्नाटकातल्या आगुंब्याला जा. शंकर नाग यांनी 'मालगुडी डेज' ही मालिका जिथे चित्रित केली ते घर, दोड्डमने. त्या घराने येणाऱ्याला राहायला, जेवायला दिलं, दर ठरवला नाही, ज्याने त्याने आपल्या मनाने द्यायचं. लोक तिथे पाय धुऊन, पंगतीत बसून जेवले. त्याच जिल्ह्यातल्या अरसाळू स्टेशनात २०२० मध्ये मालगुडीचं संग्रहालय झालं, म्हणजे गर्दीला जायला वेगळी जागा मिळाली. आपल्याकडे साधा फलक नाही, गाडी लावायला जागा नाही, सगळा भार गावकऱ्यांच्या खळ्यावर.

दादर पश्चिम:
फलक आणि जागा नंतर बघू, आधी पोचायचं कसं ते सांगा! १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. त्या वर्षी जन्मलेली पोरं दहावी ओलांडायला आली, रस्ता व्हायचाच आहे. माणगाव-इंदापूर पट्ट्यात दर गणपतीला माझ्या म्हाताऱ्या वडिलांना गाडीत तासन् तास ताटकळवलंय. मधुमेहाचा माणूस, उतरायला धड जागा नाही. पर्यटनाच्या गप्पा त्यांच्यासमोर करून दाखवा.

विक्रोळीकर:
आणि रेल्वे? पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी. चाकरमान्याला काय फरक पडला? गणपतीच्या तारखा उघडल्या की काही मिनिटांत प्रतीक्षायादी. मी सकाळी आठच्या आधीपासून खिडकीवर उभा, माझ्यापुढे मोजकी माणसं, तरी हातात आलं ते वेटिंग. रोहा ते वीर दुसरा मार्ग झाला, पुढे बहुतेक एकेरीच. क्रॉसिंगला गाडी उभी राहते.

दादर पश्चिम:
सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ सालचं, ते अजून पुरं होतंय. आणि आपण वाड्याच्या गेटवर भांडतोय.

लालबागची लेक:
दादर, विषय भरकटवू नका.

दादर पश्चिम:
हाच विषय आहे! माणूस बारा-चौदा तास हाल सोसून पोचतो, म्हणून गेट बंद दिसलं की चिडतो. रस्ता नीट असता तर पिंगुळीलाही थांबला असता, देवळातही गेला असता.

माडाखालचो:
ह्या मात्र बरोबर बोललात. झाराप-पत्रादेवी बायपास झालो तेवापासून गोव्याच्यो गाडयो भायरच्या भायर जातत. सावंतवाडीच्या बाजारात आधीची वर्दळ रवली नाय. माझ्या मावशेचा खानावळीचा दुकान तेच्यापायी बंद पडला. जुन्या रस्त्यार आता कोण वळता तर ह्या वाडो बघणारे. ह्या माका मान्य करूक जीवार येता, पण खरा आसा.

मुलुंडचा सातारकर:
मग मी दुसरं काय म्हणत होतो?

माडाखालचो:
तुमी म्हणालात, आमका पर्यटक नको. तसा नाय. घराक घर समजणारो पर्यटक होयो.

गिरणगाव:
सगळे मालिकेचे गोडवे गाताय म्हणून विचारतो. २०१६ मध्ये कोकणातूनच विरोध झाला होता ना, की यातून भुताखेतांचं आणि करणीचं कोकण दाखवतायत, बदनामी होते? जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, आणि मालिकेत तेच सगळं चवीने. माझ्या मुलीसाठी स्थळ आलं, मुलाकडच्या बाईंनी पहिला प्रश्न केला, "तुमच्या गावाला देवदेवस्की चालते का हो?" शिकलेली बाई, वांद्र्यात नोकरी. ते स्थळ आम्हीच नाकारलं. अंधश्रद्धेच्या पायावर आलेले चार पर्यटक मला नकोत.

लालबागची लेक:
दादा, देवदेवस्कीच्या गोष्टी आपल्या आज्यांनीही सांगितल्या, दशावतारातही राक्षस येतात.

गिरणगाव:
दशावतार बघून कुणी माझ्या मुलीचं गाव संशयाने बघितलं नाही. आजीची गोष्ट घरात राहत होती. हे रोज रात्री सबंध महाराष्ट्राला दाखवत होते.

लालबागची लेक:
मुलीच्या बाबतीत झालं ते चीड आणणारं आहे, त्यावर वाद नाही. पण माझी मुलगी आज मालवणीत बोलते, तेही मी सोडणार नाही.

पिंपळपार, भांडुप:
लालबागच्या ताईंचं एक मी मानतो. मूल मालिकेमुळे गावाला आलं तर त्याला गेटवर थांबवू नये. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. रस्त्यावरून वाडा बघा, गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा, कुणाच्या खळ्यात शिरू नका, विचारल्याशिवाय फोटो नको. मग पिंगुळीला जाऊन बाहुल्यांचा खेळ बघा आणि जाताना आजूबाजूच्या घरांतून सोलं विकत घ्या. ज्या ताईंच्या लिहिण्यावरून मी सुरू केलं त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

माडाखालचो:
सोलां होयी तर मे अखेरीक येवा. आयेक आधी हाक मारा, मगे खळ्यात पाय ठेवा.