२६/११च्या आधी इशारे होते, मग अडलं कुठे?

शोधयात्री:
२६/११च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या प्रधान समितीच्या अहवालानुसार ऑगस्ट २००६ पासून मुंबईबद्दल इशारे येत होते: ६ समुद्रमार्गे हल्ल्याचे, ११ एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ल्याचे, ३ फिदायीन म्हणजे आत्मघाती हल्ल्याचे. मग आयबीने, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्याने, कोणाला उचललं का नाही? इशारा आला की पुढे नेमकं काय होतं?

पडताळा:
आयबीला अटकेचा अधिकारच नाही. गुन्हा नोंदवणं, झडती घेणं, आरोपपत्र हे सगळं पोलिसांचं काम. आपल्याकडे ते एटीएस, म्हणजे पोलिसांचं दहशतवादविरोधी पथक, बघते. परदेशातली खबर रॉ ही दुसरी गुप्तचर संस्था आणते, देशातली आयबी. खबर तोलून ती ज्याला बेड्या घालायचा अधिकार आहे त्याच्याकडे पाठवायची, एवढाच आयबीचा वाटा.

तोलताना दोन गोष्टी वेगवेगळ्या बघतात: खबऱ्या किती भरवशाचा आणि ही खबर किती पक्की. भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्ट सांगू शकतो. सगळ्यात जास्त फसगत होते ती दुजोऱ्यात. एकाच खबऱ्याचं बोलणं दोन खात्यांच्या कागदावर आलं की दोघांनी सांगितल्यासारखं वाटतं, म्हणून आधी मूळ एकच आहे का ते तपासावं लागतं.

२६/११च्या इशाऱ्यांत तारीख नव्हती. तारखेविना जादा बंदोबस्त फार दिवस टिकत नाही, माणसं दुसरीकडे लागतात. ताजला सूचना मिळाली होती, तिथे उपायही झाले होते, पण हल्ल्याआधी ते सैल केले गेले. खुद्द रतन टाटांनीच हे नंतर सांगितलं.

तांडेल:
समुद्राचं थोडं वेगळं आहे. १८ नोव्हेंबर २००८ ला रॉने सॅटेलाइट फोनवरचं बोलणं पकडलं, जहाजाचा ठावठिकाणा तटरक्षक दलाला कळवला गेला आणि शोधही झाला. पण शोध होता संशयास्पद पाकिस्तानी जहाजाचा, आणि दहा हल्लेखोर वाटेत पोरबंदरच्या 'कुबेर'वर चढले. भारतीय नोंदणीची मासेमारी बोट असंख्य बोटींत कोणाला खटकणार? तिच्या तांडेलला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, मुंबई जवळ येईपर्यंत जिवंत ठेवलं, मग मारलं. पुढे रबरी होडीतून बधवार पार्कला उतरले, तेव्हा तिथल्या कोळी लोकांनी त्यांना हटकलं होतं. अनोळखी पोरं, पाठीवर जड पिशव्या, उडवाउडवीची उत्तरं, हे किनाऱ्यावरच्या माणसाला तिथल्या तिथे खटकलं. आजही बहुतेक मासेमारी होड्या २० मीटरच्या आतल्या आहेत आणि एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख आणि ठिकाण आपोआप कळवणाऱ्या यंत्राची सक्ती त्याहून मोठ्या जहाजांना आहे. म्हणून कोळीवाड्यातून पोलीस ठाण्याला जाणारा फोन मला कुठल्याही रडारइतकाच मोलाचा वाटतो.

शोधयात्री:
२००८ नंतर काही बदललं का? आणि फोन टॅपिंग हवं तेव्हा करता येतं का?

पडताळा:
कारगिलनंतर २००१ मध्ये मल्टी एजन्सी सेंटर, म्हणजे मॅक, आयबीतच सुरू झालं होतं. ३१ डिसेंबर २००८ च्या आदेशाने ते चोवीस तास चालू झालं आणि दहशतवादाची खबर तिथे देणं सगळ्या खात्यांना बंधनकारक झालं. राज्यांत त्याच्या शाखा आहेत. एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदाही त्याच सुमाराचा.

तरी ठिकाण कळूनही चूक होते. २००९ मध्ये २६/११साठी ठिकाणांची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली पकडला गेल्यावर पुण्यातल्या ओशो आश्रम आणि छबाड हाऊस या ज्यू केंद्राबद्दल सूचना आली. १३ फेब्रुवारी २०१० ला बॉम्ब फुटला तो जवळच्या जर्मन बेकरीत, बेवारस बॅगेत. नावाच्या ठिकाणी पहारा बसतो, पण शेजारचं गर्दीचं हॉटेल उघडं राहतं. इशाऱ्यात आश्रमाचं नाव असलं तरी आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या दुकानदारांना आणि वेटरना तेव्हाच सांगून ठेवायला हवं.

कलम_पाच:
टॅपिंगला केंद्रात किंवा राज्यात गृह सचिवांचा लेखी आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो, वाढवून जास्तीत जास्त १८०. तातडीच्या वेळी वरिष्ठ अधिकारी आधी सुरू करू शकतो, पण ७ कामकाजाच्या दिवसांत मंजुरी आली नाही तर ते बंद करावं लागतं. आणि बोलणं कोड भाषेत असेल, किंवा नुसतं 'माल पोचला' एवढंच असेल, तर ते ऐकून कोणाला अटक करता येत नाही. त्याच्या जोडीला पाळत, पैशांचा माग, प्रवासाच्या नोंदी जुळवाव्या लागतात. तेवढ्यात समोरच्याने सिमकार्ड बदललं की नव्या नंबरसाठी पुन्हा पहिल्यापासून आदेश घ्यावा लागतो.