अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत झालेल्या चुका : आपले अनुभव लिहावेत

काल सोलापुरात सात रस्ता चौकात एका रिक्षाने दुचाकीस्वाराला धडक दिली आणि जमलेले लोक त्याला "आपसात मिटवून टाका" असे सांगू लागले, तेव्हा मला २०१८ मधला माझा अपघात आठवला. तुळजापूर नाक्याजवळ मला टेम्पोने उडवले होते. मालकाने उपचारांसाठी ७,००० रुपये दिले आणि एका कागदावर सही मागितली. घरात रोख रक्कम नव्हती, म्हणून मी तो न वाचताच सही केली. "चूक माझीच असून माझी कोणतीही तक्रार नाही," असे त्यावर लिहिलेले होते. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीच्या वकिलांनी माझ्यासमोर तोच कागद ठेवला. आपल्यापैकी कोणाला असे काही सोसावे लागले असल्यास कृपया लिहावे.

अक्कलकोट रोड
आमच्या वडिलांना दवाखान्यात नेणाऱ्या शेजाऱ्याने पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून "गाडीवरून घसरून पडले" असे सांगितले. केसपेपरवर तेच उतरले आणि आम्ही फिर्याद अकरा दिवसांनी दिली. उशीर झाल्याने दावा आपोआप बुडत नाही, परंतु त्या एका ओळीचा खुलासा करता करता आमची दोन वर्षे गेली. वडील यंत्रमागावर आठवड्याच्या रोख पगारावर काम करत होते. कारखानदाराच्या हजेरीवहीची नक्कल वेळेवर घेतली असती, तर उत्पन्न सिद्ध करणे इतके जड गेले नसते.

परिचारिका
दादा, वाचून वाईट वाटले. जखमीला आणणारा जे सांगतो तेच आम्ही लिहितो, म्हणून रस्ता अपघात असल्याचे आणि माहीत असल्यास वाहनाचा क्रमांक सुरुवातीलाच सांगावा व एमएलसी (पोलिसांना कळवायचे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) म्हणून नोंद झाली की नाही हे विचारावे.

होटगी रोड
प्लास्टर काढल्यावर मी फेरतपासणी सोडून हाडवैद्याकडे गेलो, आणि तिथली ना चिठ्ठी मिळाली ना पावती. मधल्या चार महिन्यांचा कागदच नसल्याने माझे अपंगत्व याच अपघातामुळे आले का, अशी शंका घेतली गेली. हात अजूनही खांद्याच्या वर जात नाही.

जुळे सोलापूर
माझ्या बहिणीला मागच्या महिन्यात इंदापूरजवळ मोटारीने धडक दिली. ती सोलापुरात राहते, तर दावा पुण्यात करावा लागेल का?

अक्कलकोट रोड
नाही, ताई. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार दावा करणारी व्यक्ती जिथे राहते तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. मात्र १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अर्जाची मुदत अपघातापासून ६ महिने आहे, त्यामुळे थांबू नये. मोटारीचा क्रमांक मिळाला आहे ना? वाहन अज्ञात राहिले, तर गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांचीच वेगळी योजना उरते.

जुळे सोलापूर
क्रमांक फिर्यादीत आहे. चालकाचे भाऊ उद्या "समजुतीचा कागद" घेऊन येणार होते. त्यांना आता येऊ नका असे कळवते आणि घटनास्थळ पंचनाम्याची प्रत मागायला भाऊजींना इंदापूरला पाठवते.