क्रॉनला सकाळी ८ लावलेत तरी मेल दुपारी दीडला जातायत, वर काहींना दोनदा

पुस्तकी_किडा:
नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयासाठी साध्या पीएचपीत एक छोटं ॲप केलंय (फ्रेमवर्क वगैरे काही नाही, हसू नका). कमिटीचं म्हणणं, पुस्तक परत द्यायची तारीख दोन दिवसांवर आली की सभासदाला सकाळी ८ ला आपोआप मेल जायला हवा. आधी जुगाड केला होता, दिवसातलं पहिलं लॉगिन झालं की होमपेजवरूनच मेल सुटायचे, पण मग काउंटरवरच्या काकांचं पान नुसतं फिरत बसायचं आणि ते मला फोन करायचे, आणि सुट्टीच्या दिवशी लॉगिनच नाही तर मेलही नाही. म्हणून सीपॅनेलमध्ये (होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल) क्रॉन लावला, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप काम चालवणारा, तो कर्ल कमांडने माझ्या पानाची यूआरएल उघडतो. आता तीन भानगडी आहेत. मेल ८ ऐवजी दुपारी दीडला जातायत. अडीचशेपैकी शंभरेक गेले की मधेच थांबतंय, मी हाताने परत चालवलं की पहिल्यांना पुन्हा मेल. आणि मेल फंक्शन ट्रू देतंय तरी कित्येकांना काहीच मिळत नाही, स्पॅममध्येपण नाही. एका आजोबांना एकाच पुस्तकाचे तीन मेल गेले, ते पुस्तक आपटून म्हणाले घ्या, जप्ती आणू नका!

रात्रपाळी:
जप्ती 😂 दीडचं उत्तर सोपंय, ८ आणि दीडमध्ये बरोब्बर साडेपाच तास. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे तुझा. पीएचपीत टाइमझोन एशिया/कोलकाता केलास तरी क्रॉनला त्याचं काही देणंघेणं नसतं, तो सर्व्हरच्या घड्याळावर चालतो. मिनिट ३० आणि तास २ टाक, आपले ८ वाजतील. मायएसक्यूएलचं (डेटाबेसचं) घड्याळपण बघ, तेही यूटीसीवर असेल तर आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचीच तारीख असते, म्हणजे क्रॉन कधी पहाटे ५ ला नेलास तर तारखा एक दिवसाने चुकणार. मधे थांबतंय त्यासाठी सेट टाइम लिमिट (स्क्रिप्ट किती वेळ चालू द्यायची ती पीएचपीची मर्यादा, नाहीतर ३० सेकंद) शून्य कर, म्हणजे मर्यादाच नाही.

बांध_कोरणारा:
घड्याळाचं बरोबर, पण शेवटचं पटलं नाही. लिनक्सवर ती ३० सेकंदांची मर्यादा फक्त स्क्रिप्ट स्वतः राबते तेवढाच वेळ मोजते, मेल सर्व्हरची वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात धरतच नाहीत. तुझं बहुतेक वेब सर्व्हरचा टाइमआउट कापतोय. यूआरएलचा नाद सोड, क्रॉनमधून थेट पीएचपीची कमांड देऊन फाइल चालव, कमांड लाइनवर ती मर्यादा मुळात शून्यच असते. फक्त क्रॉन तुझ्या फोल्डरमधून सुरू होत नाही, त्यामुळे इन्क्लूडचे पाथ पूर्ण दे नाहीतर फाइल सापडत नाही म्हणून रडेल. आणि ती फाइल पब्लिक फोल्डरच्या बाहेर ठेव रे बाबा, आत्ता एखादा बॉट जरी त्या यूआरएलवर गेला तरी गावभर मेल!

खरा घोळ वेगळाच आहे, कोणाला पाठवायचं हे ठरवणं आणि प्रत्यक्ष पाठवणं तू एकाच लूपमध्ये करतोयस. सकाळी एक स्क्रिप्ट फक्त टेबलात ओळी टाकेल, देवघेव क्रमांक आणि परतीची तारीख या जोडीवर युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा घेतच नाही), म्हणजे दहा वेळा चालवलीस तरी ओळ एकच. दुसरी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी पन्नास ओळी उचलून पाठवेल. शेअर्ड होस्टिंगवर तासाला किती मेल चालतात ते विचारून घे, त्यात बसव.

पुस्तकी_किडा:
दादा हे भारी आहे. पण "पाठवला" अशी खूण मेल जायच्या आधी करू की नंतर? नंतर केली आणि मधेच बंद पडलं तर परत दोनदा.

बांध_कोरणारा:
आधी "पाठवतोय" अशी खूण, मेल गेला की "गेला". जी ओळ अर्धा तास "पाठवतोय"वरच अडकलीय ती आपोआप परत पाठवू नकोस, डोळ्यांनी बघ. शंभर टक्के एकदाच जाईल असं कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, पण आठवणीचा एखादा मेल बुडाला तर परवडतं, आजोबा परत आले तर नाही. आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक (फाइलला लावायचं कुलूप) लाव. आणि पाठवायच्या क्षणी पुस्तक अजून बाहेरच आहे ना ते परत तपास.

डाकिया_नंबर_१:
मेल फंक्शन ट्रू देतं म्हणजे तुमच्याच सर्व्हरने पत्र पेटीत घेतलं एवढंच, पोचल्याची पावती नाही ती. पीएचपीमेलर (मेल पाठवायचा तयार कोड) घ्या, मेल सर्व्हरवर लॉगिन करून एसएमटीपीने (मेल पाठवायची ठरलेली पद्धत) पाठवा, पोर्ट ५८७. फ्रॉममध्ये काय टाकलंय?

पुस्तकी_किडा:
वाचनालयाचा जीमेल पत्ता

डाकिया_नंबर_१:
मग काय! पत्ता जीमेलचा आणि सुटतंय होस्टिंगच्या सर्व्हरवरून, समोरच्याला बनावटच वाटणार. डोमेन आहे ना वाचनालयाचं, त्यावरचा पत्ता वापरा आणि एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या खुणा) दोन्ही लावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला यातलं निदान एक तरी सगळ्यांकडूनच लागतं, दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्क (या तपासणीत मेल नापास झाला तर काय करायचं त्याचा नियम). जीमेलच्याच एसएमटीपीने पाठवायचं तर टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड काढावा लागेल, आणि फुकटच्या खात्याला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे, पुस्तक महोत्सवाचं आमंत्रण एकदम सगळ्या सभासदांना पाठवलंत की अडकलात.

पुस्तकी_किडा:
चार दिवसांनी अपडेट. आज २४३ ओळी, २३८ गेल्या, सगळ्या साडेआठच्या आत. पाच फेल, त्यातल्या तिघांच्या पत्त्यात जीमेलचं स्पेलिंगच चुकलंय, फॉर्म काकांनी भरलेले. आजोबांना एकच मेल गेला, तरी ते आले. म्हणे या वेळी एकच कसा, बाकीचे दोन कुठायत?