हँडहेल्डवर विंडोजच पाहिजे? का ते तरी सांगा

बोगद्यातला (रत्नागिरी)
काल देवगडीने लिहिलं, "स्टीमओएस हे लिनक्सवाल्यांचं खूळ, गेमिंग म्हणजे विंडोज, बाकी सगळी मलमपट्टी." वाचलं आणि रात्री झोप लागेना, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

स्टीम डेक म्हणजे हातात धरून खेळायचं गेमिंग यंत्र (हँडहेल्ड), त्यावर लिनक्सवर बेतलेली स्टीमओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम असते. त्याची चिप १५ वॅटवर चालते. त्याच १५ वॅटमध्ये सीपीयू आणि ग्राफिक्स दोघांचं भागवायचं. मागे अपडेट, अँटिव्हायरस आणि तीन-तीन लाँचर चालू असले की ते गेमच्याच ताटातलं खातात. स्टीमओएस गेम मोडला डेस्कटॉप उघडतच नाही. मधे प्रोटॉन नावाचा दुभाषा बसलाय, विंडोज गेमची ग्राफिक्सची भाषा (डायरेक्टएक्स) लिनक्सला कळणाऱ्या भाषेत (व्हल्कन) करून देतो, तरीही जून २०२५ मध्ये आर्स टेक्निका या वेबसाइटने लिजन गो एस या एकाच हँडहेल्डवर विंडोज आणि स्टीमओएस दोन्ही टाकून मोजलं तर बहुतेक गेममध्ये स्टीमओएस पुढे निघालं. वर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) आधीच कंपाइल होऊन डाउनलोड होतात, त्यामुळे नव्या खोलीत शिरलं की बसणारा तो झटका कमी होतो.

आणि डेकवर स्क्रीन ४० हर्ट्झला लावून ४० फ्रेमवर खेळून बघा. ३० ला एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, ६० ला जवळपास पावणेसतराची, ४० ला बरोबर २५, म्हणजे अगदी मधोमध. हाताला फरक कळतो आणि बॅटरीही टिकते.

पण माझं खरं भांडण यंत्राच्या झोपेवरून, म्हणजे स्लीप मोडवरून आहे. रत्नागिरी-चिपळूण माझं रेल्वेने नेहमीचं येणंजाणं. आधी माझ्याकडे विंडोजवालं हँडहेल्ड होतं, कंपनी कुठली ते जाऊ दे. एकदा भोके स्टेशनला ते झोपवून बॅगेत टाकलं, करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा गेला, संगमेश्वरला क्रॉसिंगला गाडी थांबली म्हणून काढलं तर चटका बसला! बॅगेत ते आपलं आपण जागं झालेलं, पंखा भणभणतोय आणि बॅटरी ११ टक्के. डेकवर बटण दाबलं की झोपतं, परत दाबलं की उडी मारताना सोडलं होतं त्याच उडीत उठतं.

देवगडी
मीच तो. लिहिलं ते मागे घेत नाही.

त्याच आर्सच्या चाचणीत विंडोजचे ड्रायव्हर जुने होते, नवे टाकल्यावर फरक कमी झाला, हे तू गाळलंस. आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) कसले मोजतोस, गेम सुरूच होत नसेल तर शून्य एफपीएस! आमचं पाच जणांचं टोळकं पावसात चार महिने व्हॅलोरंट आणि एफसी हा फुटबॉलचा गेम खेळतं. दोन्ही स्टीमओएसवर चालत नाहीत, अँटिचीट (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) आडवं येतं. त्याहून वाईट म्हणजे जे चालतं तेही कधी जाईल सांगता येत नाही. जीटीए ऑनलाइन सप्टेंबर २०२४ मध्ये गेलं, त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीला एपेक्स या गेमने लिनक्सवाल्यांना दार लावलं. पैसे देऊन घेतलेली गोष्ट दुसऱ्याच्या मर्जीवर? मायक्रोसॉफ्टच्या गेम पास वर्गणीतले गेमसुद्धा तिथे इन्स्टॉल करता येत नाहीत, क्लाउडवरून खेळा म्हणे. आमच्या वाडीत फोन लावायचा तर गच्चीवर जावं लागतं, क्लाउड कुठून आणू?

झोपेसाठी पॉवर बटणाला हायबरनेट लाव (सगळं डिस्कवर ठेवून यंत्र पूर्ण बंद होतं), विषय संपला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये रॉग एक्सबॉक्स अलाय हे विंडोजवालं हँडहेल्ड आलंय, त्यात विंडोजही डेस्कटॉप न उघडता थेट गेमच्या स्क्रीनवर येतं.

बोगद्यातला (रत्नागिरी)
हायबरनेटमधून उठायला वेळ लागतो, तोवर माझं स्टेशन येतं. आणि विंडोजनेही शेवटी डेस्कटॉप बंद करायचंच शोधून काढलं, म्हणजे मी वर लिहिलं तेच झालं ना?

सोल्डर_मालवण
दोघेही थांबा जरा. मी मालवणात लॅपटॉप-मोबाइल दुरुस्त करते. माझ्याकडे आलेली हँडहेल्ड ओएसमुळे मेलेली नव्हती, खाऱ्या हवेने मेलेली होती. मागचं झाकण उघडलं की चार्जिंगच्या पोर्टात हिरवी पूड, पंख्याच्या पात्यांवर मीठ आणि धूळ मिळून झालेला चिकट थर, नखाने खरवडावा लागतो. डेक भारतात अधिकृत विकतच नाहीत, वॉरंटी कुठे मागणार? आधी यंत्र जगवा, मग फ्रेम मोजा.

चाकरमानी_डोंबिवली
ताई, सोपं आहे. एसीच्या खोलीत ठेवायचं. मी गणपतीत गावी आणतो तेव्हा तांदळाच्या डब्यात ठेवतो, ओल शोषून घेतो तांदूळ.

सोल्डर_मालवण
तांदूळ शिजवूक आसतत रे, पंख्यात घालूक नाय! त्याची पिठी आत जाते आणि त्याच चिकट थरात बसते. गेल्या श्रावणात एका मुलाच्या पंख्यातून मी चिमट्याने कणी काढलीय. डबा हवाबंद घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, बस्स. आणि एसीतून काढून लगेच अंगणात नेलंत तर दमट हवेचं पाणी आतल्या बोर्डावर धरतं. थंडगार बाटली बाहेर ठेवून बघा, तेच.

चाकरमानी_डोंबिवली
आमच्या आजीपासून सगळं तांदळातच ठेवत आलोत, काही बिघडलं नाही. गावात लोक उगाच बाऊ करतात.

देवगडी
ए भाऊ, वर्षातून दहा दिवस येतोस आणि बाऊ कुणाला म्हणतोस? २०२१ च्या तौक्तेत आमच्याकडे आठवडाभर लाईट नव्हती, एसी कसला लावतोस! ताई बोलतेय ती रोज तेच हाताने उघडते. तिचं ऐक.

बोगद्यातला (रत्नागिरी)
देवगडीशी पहिल्यांदाच माझं पटलं. ताई, एक विचारतो. वॅट कमी ठेवले तर पंखा हळू फिरतो, म्हणजे खारी हवाही कमी ओढली जाते ना? मी जुने टूडी गेम ६ वॅटवर खेळतो, पंखा ऐकूच येत नाही.

सोल्डर_मालवण
हो, तो मुद्दा बरोबर आहे. कमी फिरेल तेवढं कमी आत जाईल. पण वॅट विंडोजवरही कमी करता येतात, त्याचं श्रेय एकट्या स्टीमओएसला देऊ नकोस.

देवगडी
हेच म्हणतोय मी!

बरं, झोपेचं मान्य. काल मुद्दाम झोपवून उशाशी ठेवलं, सकाळी बॅटरी निम्मी. एवढ्यापुरतंच मान्य. दुसऱ्या एसएसडीवर बॅझाइट (स्टीमओएससारखंच लिनक्स) टाकून बघतो, एकट्याने खेळायच्या गेमसाठी. एफसी मात्र विंडोजवरच, आणि ज्या दिवशी ते तुझ्या डेकवर चालेल त्या दिवशी पुढचं बोलू.

बोगद्यातला (रत्नागिरी)
एफसीवर माझ्याकडे उत्तर नाही. ते खरंच चालत नाही, आणि मित्र तिथे असतील तर कुठलाही ४० हर्ट्झ कामाचा नाही.

चाकरमानी_डोंबिवली
ताई, आत्ता डब्यातून काढलं. पंख्यातून खरखर आवाज येतोय.

सोल्डर_मालवण
लगेच बंद कर आणि परत चालू करू नकोस. मागचे स्क्रू काढता येतात का? टॉर्च मारून पंख्याचा फोटो टाक.