जीआरबीएल बदलल्यावर मापे चुकू लागली

प्रश्न: लाकूडकामाच्या माझ्या छोट्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणारे यंत्र) जीआरबीएल या नियंत्रक सॉफ्टवेअरची 0.9 आवृत्ती काढून 1.1 घातल्यापासून 100 मिमीची आज्ञा दिली की तिन्ही अक्ष 125 मिमी सरकतात. मोटर आणि स्क्रू जोडणारी कपलिंग घट्ट आहेत.

उत्तर: सैल भागामुळे होणारी चूक इतकी नेमकी सव्वापट येत नाही, त्यामुळे जुनी सेटिंग्ज पुसली जाऊन मूळ मूल्ये आली असावीत. $$ टाइप करून सेटिंग्जच्या यादीत $100 ते $102, म्हणजे तिन्ही अक्षांची दर मिलिमीटरची पावले, पाहावीत. तिथे 250 असेल आणि तुमचा स्क्रू फेरीला 8 मिमी सरकत असेल, तर 200 पावलांच्या मोटरला 1/8 मायक्रोस्टेपवर (एका पावलाचे आठ भाग) 1600 भागिले 8, म्हणजे 200 हवेत.

प्रश्नकर्ता: 250च होते. आता माप बरोबर येते, आभारी आहे.

दुसरे उत्तर: $30 (स्पिंडलच्या, म्हणजे कापणारे पाते फिरवणाऱ्या मोटरच्या, कमाल वेगाची सेटिंग) मूळचे 1000 असते, तेही स्पिंडलच्या कमाल वेगाइतके करावे, अन्यथा एस1000 ही वेगाची आज्ञा लिहिताच स्पिंडल पूर्ण वेगाने फिरेल.