‘हात धरून शिकणे’ला नेमका शब्द?

खामलेकर: एका लेखाचा अनुवाद करतोय, अडलो. 2014 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेला प्रयोग आहे. दोघांच्या हाती एकेक दांडी, यंत्राने त्या जणू रबराने जोडलेल्या. पडद्यावर पळणाऱ्या ठिपक्याच्या मागे जायचं. एकमेकांना न पाहताही दोघांचा नेम सुधारला, जोडीदार कच्चा असला तरीही! मी ‘स्पर्शशिक्षण’ लिहिलं, तर संपादकांना ते अंधशाळेतलं वाटलं. ‘हात धरून शिकणे’ चालेल?

शब्दवेडी: नाही चालणार. पाटीवर ‘श्री’ गिरवताना हात धरतात, तिथे एक जाणता आणि एक नवखा. इथे तर शिकवणारा कोणीच नाही. शिवाय ‘तिचा हात कोण धरणार?’ म्हटलं की बरोबरीची गोष्ट होते.

सक्करदऱ्याची सून: जातं आठवा नं! माझी सासू सांगते, दोघी समोरासमोर बसत, खुंटा एकच. आपल्याकडे ओढायचं आणि अर्ध्या फेरीनंतर हात सैल सोडायचा, तिथून समोरचीनं ओढायचं. नवी सून सैल सोडत नसे, खुंटा धरूनच ठेवे, तर जातं अडखळे, पीठ भरड पडे. सासू तोंडानं काही बोलत नसे, तरी चार दिवसांत हात बसे. आणि गंमत म्हणजे, सासूलाही हलकं जाई.

खामलेकर: म्हणजे माझं रबर तो खुंटा! हे वाक्य थेट लेखात घेऊ का?

सक्करदऱ्याची सून: घ्या नं, सासूला विचारून सांगते.

अभ्यंकर काका: ‘हाताखाली शिकणे’ कसं वाटतं? लंबी रोटी, म्हणजे हातावर ताणून उलट्या मटक्यावर भाजतात ती पोळी, शिकवताना बायका खरोखरच नवखीच्या हाताखाली आपला हात घालतात, कणिक मटक्यावर जाईपर्यंत.

शब्दवेडी: काका, ‘हाताखाली’त उतरंड आली. वकिलाच्या हाताखाली, मिस्त्रीच्या हाताखाली. उदाहरण झकास, शब्द नको. ‘हातोटी’ही नको, ती ज्याची त्याची असते.

खामलेकर: मग ‘जोडीने हात बसणे’?

शब्दवेडी: हे चालेल. ‘बसणे’त सराव आहे, ‘जोडीने’त दुसरा माणूस. ‘स्पर्श’ हा शब्दच लागत नाही.

अभ्यंकर काका: मथळ्याला लांब होईल.

खामलेकर: मथळा संपादक बघतील. खुंट्याचं वाक्य मात्र कापू देणार नाही.